पळीवरून पडणारी धार

पानाची मांडणी आपल्याकडे ठरलेली आहे. वर मधोमध मीठ. त्याच्या डाव्या अंगास लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजव्या अंगास भाज्या. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि वरणावर तूप. एखाद्या घरी चटणीच्या आधी कोशिंबीर येत असेल, एखाद्या घरी नंतर. पण डावे ते डावे आणि उजवे ते उजवे. या व्यवस्थेत ज्यास कायमची जागा मिळाली नाही असा एकच पदार्थ मला ठाऊक आहे, आणि तो म्हणजे सार. भातावर घ्यावे तर आमटीचा मान जातो. वाटीत घ्यावे तर ती वाटी पानाच्या बाहेर, पाण्याच्या भांड्याशेजारी कोठे तरी जाऊन बसते. केळीच्या पानावर तर ते क्षणभरही ठरत नाही. त्यास द्रोणच हवा. ते जेवणाच्या मध्ये प्यावयाचे की शेवटी, याविषयीही कोणी निर्णय दिलेला नाही. मला वाटते, घरात ज्याचे आसन ठरलेले नसते तेच माणूस जसे हाक येईल तिकडे धावते, तसेच या पदार्थाचे आहे. पंगतीतून उठून आजाऱ्याच्या उशाशी जाऊ शकणारा पदार्थ हाच. वरण-भाताचे पान तेथवर पोहोचत नाही.

हल्ली सारास मुले ‘सूप’ म्हणतात. त्यात वावगे काही नाही. संस्कृतात सूप म्हणजे डाळीचे कालवण, आणि सूपकार म्हणजे आचारी. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी पाकक्रियेवर मराठीत पुस्तक लिहिले, त्याचे नावच मुळी ‘सूपशास्त्र’. इंग्रजी सूप या शब्दाचे कुळ निराळे, ते कालवणात भिजविलेल्या पावाच्या तुकड्याशी जाऊन मिळते. दोन्ही शब्द सारखे दिसतात तो योगायोग. मराठीत मात्र सूप म्हणजे धान्य पाखडावयाचे. त्यामुळे हॉटेलात जेवणाच्या आरंभीच सूप येते हे प्रथम ऐकून आमच्या आजीस मोठे नवल वाटले होते. कारण तिच्या हिशेबी कार्य आटोपले म्हणजे सूप वाजावयाचे! असो.

मी लिहिणार आहे ते माझ्या आईच्या साराविषयी. आम्ही भावंडे आईला ‘वहिनी’ म्हणत असू. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस याचे कारण सांगावयास नको. दोन काका आणि तीन आत्या तिला दिवसभर वहिनी म्हणून हाका मारीत, तेव्हा मुलांच्याही तोंडी तेच बसले. १९५७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ती गुहागरकडच्या एका खेड्यातून वाईस सून होऊन आली. त्या वेळी घरात रोजची चौदा पाने होती. त्यांत आजोबांस दात नव्हते. मधल्या काकांस पित्ताचा विकार होता. आंबट पोटात गेले की दुपारभर कपाळ धरून बसत. एक सोवळी आतेआजी एकभुक्त राहत असे. दर गुरुवारी एक विद्यार्थी वाराने जेवावयास येई, आणि त्या वयाच्या मुलाची भूक जशी असावयाची तशीच त्याची होती. खेरीज आम्ही मुले.

या सर्वांस पुरणारे सार वहिनी एकाच पातेल्यात करीत असे. परंतु त्या एका पातेल्यातून चार प्रकारची सारे निघत. तिची युक्ती साधी होती. पदार्थात घातलेले पुन्हा काढता येत नाही, घालता मात्र केव्हाही येते. म्हणून ज्यास सर्वांत कमी सोसते त्याचे सार सर्वांत आधी बाजूला निघे. कोमट पाण्यात भिजविलेली आमसुले कुसकरून पाणी गाळून घेतले की ते चुलीवर चढावयाचे. मीठ आधी नाही, कारण आमसुलाच्या अंगी ते असतेच. उकळी आल्यावर चाखून मग. पहिल्या उकळीलाच, मिरची पडण्यापूर्वी, आजोबांची वाटी निघे. तिच्यात तेवढे गूळ आणि जिऱ्याची पूड. नंतर काकांचा वाटा. त्यात पाणी अधिक आणि वरून नारळाचे दाट दूध, तेही पातेली खाली उतरल्यावर. आंबटात नारळाचे दूध घालून उकळले तर ते फुटते. मग मिरची, कोथिंबीर आणि तूप-जिऱ्याची फोडणी. एकादशीस फोडणीत हिंग नसे, म्हणजे तेच सार उपवासासही चाले. सर्वांच्या शेवटी जे तळाशी राही ते झणझणीत, दाट लाल, आणि त्यावर वाराच्या विद्यार्थ्याचा व धाकट्या काकांचा हक्क. वहिनीच्या वाट्यास काय येई हे लहानपणी कोणी पाहिले नाही. पुढे मी पाहू लागले तेव्हा ती पातेल्यात थोडे गरम पाणी घालून, ते विसळून, तेच भातावर घेत असलेली दिसली. यात कोणी थोर त्याग पाहू नये. तिला ते खरोखरच आवडत असे, आणि तसे ती स्पष्ट सांगत असे.

आमसुले तिच्या माहेरची. रातांबे पिकतात वैशाखाच्या सुमारास, आणि पाऊस पडण्याच्या आत सर्व उरकावे लागते. फळे फोडून बिया व गर निराळा करावयाचा, सालींस मीठ लावून त्यांच्याच रसात बुडवावयाचे, उन्हात घालावयाचे, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. असे चार-सहा दिवस चालले म्हणजे ती काळपट आणि मऊ होतात. बियांचे जे घट्ट तेल निघते त्यास भिरंडेल म्हणतात. तेही डबीतून येई व थंडीत तळपायाच्या भेगांस लागे. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या एस.टी.च्या टपावरून ही गाठोडी कराडमार्गे आमच्याकडे येत. आमसुले आली की वहिनी ती चिनी मातीच्या बरणीत दाबून भरी, वर दादरा बांधी आणि बरणी माळ्यावरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवी. त्या बरणीस दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे. सारासाठी तिचे पातेलेही ठरलेले होते. एकदा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात कोणी सार केले आणि ते कळकले. त्यानंतर त्या भांड्याची रवानगी न्हाणीघरात झाली ती कायमची.

साराचीच भावंडे म्हणजे कढण, कट आणि पेज. पुरणाच्या दिवशी शिजल्या डाळीवरचे पाणी उपसून त्याची कटाची आमटी होते, तिचा थाट मी येथे वर्णीत नाही; ती धडधाकट माणसाची गोष्ट आहे. कढण मात्र आजाऱ्याचे. अर्धी वाटी मूग कोरडेच मंद विस्तवावर भाजावयाचे, आले ठेचून घालून भरपूर पाण्यात फुटेपर्यंत शिजवावयाचे, घोटून गाळावयाचे, आणि सैंधव व तूप-जिरे घालून ऊनऊन द्यावयाचे. ताप उतरत असलेल्या माणसास पहिल्या दिवशी पेजेवरची निवळ, मग पेज, मग गुरगुट्या भात, आणि मग कढण असा वहिनीचा क्रम असे. पुढे आयुर्वेदाची काही पुस्तके चाळताना मला आढळले की पोट शुद्ध केल्यानंतर अन्नावर परत येण्याचा क्रम तेथे असाच चढता सांगितला आहे: आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग डाळीचे यूष, आणि यूषातही आधी तूपमीठ नसलेले ‘अकृत’, नंतर संस्कार केलेले ‘कृत’. चरकसंहितेच्या दुसऱ्याच अध्यायात निरनिराळ्या विकारांवरच्या अठ्ठावीस यवागू दिलेल्या आहेत. वहिनीस हे वाचून दाखविले तेव्हा ती म्हणाली, “त्यांच्याही घरी म्हातारी माणसे असतीलच की.”

पुस्तकांविषयी तिला अनादर नव्हता. सासूबाईंच्या पेटीत लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ होते, ते तिने वाचलेले होते. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ निघाले. काही वर्षांनी माझ्या पहिल्या पगारातून मी तिला ते नेऊन दिले. दुपारची झाकपाक झाली की चष्मा लावून ती ते कादंबरीसारखे वाचीत बसे. आठ-दहा दिवसांनी मी मोठ्या उत्सुकतेने अभिप्राय विचारला. तिने पुस्तकाची मनापासून स्तुती केली, वाटी-चमच्याचे माप सोयीचे आहे म्हणाली, आणि मग सहज म्हणाली, “फक्त जेवणार कोण ते सांगितलेले नाही.” मी हसले. पुस्तकाने ते कसे सांगावे? परंतु तिच्या दृष्टीने प्रश्न रास्त होता. तिला ‘चौघांसाठी’ हे मापच कळत नसे. कोणते चौघे? त्यांपैकी कोणाच्या पोटात दुखत आहे? कोण आज परीक्षेस जावयाचा आहे?

तिच्या साराची कृती लिहून काढण्याचा प्रयत्न आम्ही बहिणींनी दोनदा केला. किती आमसुले, किती पाणी, हे मोजून घेतले. कागद अजून आहे. त्यावर एके ठिकाणी ‘पळीवरून धार तुटू नये, पण घाईनेही पडू नये’ असे लिहिलेले आहे. दाटपणा पाहावयाची तिची रीत ती. पळी पातेल्यावर उंच धरून, तिरपी करून, ती धार पाहत असे. साराची धार कशी, कढणाची कशी, पेजेची कशी, हे तिच्या डोळ्यांत ठरलेले होते. परंतु कागदावर ते यावे कसे?

२०२२ सालच्या भाद्रपदात तिला पक्षाघाताचा झटका आला. तेव्हा तिचे वय त्र्याऐंशी होते. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. डावा हात, डोळे आणि एक ‘हं’ एवढे शिल्लक राहिले. इस्पितळात पहिल्याच दिवशी आम्हांस बजावण्यात आले की तिला पाणी पाजावयाचे नाही. हे ऐकून माझा धाकटा भाऊ गोंधळून गेला. आजाऱ्यास पातळ द्यावे, हे आपण जन्मभर ऐकत आलो. येथे तर उलटेच. कारण मग समजले. आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेचे तोंड क्षणभर मिटते. पक्षाघाताने हे मिटणे मंदावते किंवा अर्धवट होते. पाण्यासारखा पातळ पदार्थ इतक्या वेगाने खाली धावतो की तोंड मिटण्यापूर्वीच तो श्वासनलिकेत शिरतो आणि त्यातून फुप्फुसास सूज येते. दाट पदार्थ सावकाश उतरतो, तेवढी उसंत मिळते. घशाच्या स्नायूंची परीक्षा करणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी सांगितले: तिसऱ्या पायरीचा दाटपणा ठेवा, ताठ बसवून चमच्याने द्या, आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नका.

ही पायरी म्हणजे काय, ते माझ्या भावजयीने समजून घेतले. ती महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविते. मोजल्यावाचून तिचे समाधान होत नाही. अशा रुग्णांच्या खाण्यापिण्याच्या पदार्थांसाठी अलीकडे एक आंतरराष्ट्रीय श्रेणी ठरविण्यात आली आहे, शून्यापासून सातापर्यंत. पेयाची परीक्षा अगदी साधी आहे. इंजेक्शनची १० मिलिलिटरची सिरिंज घ्यावयाची, दट्ट्या काढून टाकावयाचा, खालचे भोक बोटाने दाबून ती १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरावयाची. मग बोट काढून १० सेकंद मोजावयाचे. पाणी असेल तर सर्व वाहून जाते. ४ ते ८ मिलिलिटर उरले तर दुसरी पायरी, ८ च्या वर उरले तर तिसरी. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी सिरिंज येऊन बसली. मुगाचे कढण रोज आधी त्या सिरिंजीतून जाई आणि मग वहिनीकडे.

वहिनीचा पलंग माजघरात होता. तेथून स्वयंपाकघराचे दार दिसे. तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. भावजय घड्याळाकडे पाहत सिरिंज धरून उभी होती आणि वहिनी एकटक तिकडे पाहत होती. कढण पलंगाशी आणल्यावर तिने चमच्यास तोंड उघडले नाही. डावा हात उचलून वाटीकडे बोट दाखविले, मग हात वर नेऊन हळूहळू तिरपा केला. भावजयीस काही उमगेना. मी म्हणाले, “अग, ती पळी मागते आहे.” पळी आणली. वाटीतले कढण पळीत घेऊन, तिच्या डोळ्यांसमोर उंच धरून, भावजयीने धार सोडली. वहिनीने पाहिले आणि म्हणाली, “हं.” मग तोंड उघडले.

पुढे हे रोजचेच झाले. आधी सिरिंज, मग पळी. भावजयीने एक वही केली. तीत तारीख, मुगाचे माप, पाण्याचे माप, किती वेळ शिजविले, सिरिंजीत किती उरले आणि शेवटच्या रकान्यात ‘आई’ असे लिहून तेथे होकार की नकार. पंधरा दिवसांनी तिने मला फोन करून सांगितले, “ताई, दोन्ही जमतात. आईंनी नको म्हटले त्या दिवशी सिरिंजही आठाच्या खालीच होती.” एकदा मात्र सिरिंजीने हो म्हटले आणि वहिनीने नको म्हटले. पाहता पाहता कढण निवून आणखी दाट होत होते. वहिनीस ते आधीच दिसले असावे. त्या दिवसापासून मोजणी वाढण्याच्या वेळच्या उष्णतेवर होऊ लागली.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. दाट केलेल्या पदार्थात पिठूळ अंश असेल तर लाळेने तो पातळ होतो; म्हणून तोंडात जाऊन आलेला चमचा वाटीत पुन्हा पुन्हा बुडविला तर शेवटच्या घासापर्यंत वाटीतले कढण पातळ होऊन बसते, आणि धोका तेथेच. सबब घासाचा चमचा निराळा आणि वाटीतून काढावयाचा निराळा ठेवावा लागतो. उष्टा चमचा पुन्हा भांड्यात घालू नये म्हणून वहिनीने आम्हां मुलांच्या हातावर किती वेळा चापटी मारली असेल! आपल्या प्रत्येक रूढीस शास्त्राचा टेकू शोधीत फिरण्याची मला हौस नाही; पुष्कळदा तो नसतोच. पण भावजय दोन चमचे घेऊन भरवू लागली तेव्हा वहिनीच्या डोळ्यांत समाधान दिसे, एवढे खरे.

कार्तिकात तिने सार मागितले. बोट माळ्याकडे; म्हणजे बरणी. मागणे स्पष्ट होते आणि घरात वाद उभा राहिला तो त्यावरून. भाऊ म्हणाला, “त्र्याऐंशी वर्षांच्या बाईने साराचा एक घोट मागितला तर तो मोजून द्यावयाचा? द्या तिला तिचे सार, जसे ती करीत होती तसे. काय व्हावयाचे ते होईल.” भावजयीने ठामपणे नकार दिला. ती म्हणाली, “जे होईल ते त्यांना सोसावे लागेल, आपल्याला नाही. फुप्फुसात पाणी गेलेले माणूस तुम्ही पाहिलेले नाही.” दोन दिवस दोघे एकमेकांशी कामापुरतेच बोलत होती. मी भावजयीच्या बाजूची होते आणि आजही आहे. तथापि भावाचे म्हणणे केवळ भाबडेपणाचे होते असे मी म्हणणार नाही. जन्मभर दुसऱ्याच्या पोटाचा विचार करून पातेल्यातून वाटे काढणाऱ्या बाईच्या स्वतःच्या आवडीची वाटी एकदाही भरू नये, ही गोष्ट त्याच्या जिव्हारी लागली होती.

सार दाट करावयाचे म्हणजे त्याचा प्राण घेण्यासारखे आहे. तांदळाची पिठी लावून पाहिली. सार गढूळ झाले आणि चवीस ते ना सार ना कढी. औषधांच्या दुकानात यासाठी पूड मिळते. तिचे दोन प्रकार असतात. एक पिठूळ, दुसरा झँथन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाचा. दुसऱ्याने रंग फारसा बिघडत नाही आणि लाळेनेही ते पातळ होत नाही. भावजयीने तो आणला. आमसुलाचे पाणी वस्त्रगाळ केले, गूळ, मीठ, जिऱ्याची पूड घातली. पूड विरघळून दाट होईतो थांबली, सिरिंज झाली, पळी झाली. पळीवरून पडणारी ती लाल धार साराची नव्हती, मधाची होती. वहिनीने ती बराच वेळ पाहिली. नकार दिला नाही, होकारही दिला नाही. तीन चमचे घेतले. मग डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळून दाखविली. मीठ? नाही. जिरे? ते होतेच. तिने पुन्हा बोटे चोळली आणि हात नाकाशी नेला. फोडणी नव्हती! तुकडा घशात अडकेल या भीतीने भावजयीने फोडणीच वगळली होती. दुसऱ्या दिवशी तुपात जिरे तडतडवून, ते गाळून, नुसते ते तूप सारात घोटले. वास माजघरापर्यंत गेला. त्या दिवशी वाटी संपली. वहीत त्या तारखेसमोर ‘आई’ या रकान्यात काही लिहिलेले नाही, फक्त ‘पूर्ण’ असा शब्द आहे. रात्री भाऊ स्वयंपाकघरात गेला, उरलेले सार कपात घेऊन चाखले आणि म्हणाला, “हे सार नव्हे.” थोड्या वेळाने म्हणाला, “पण वास तोच आहे.”

सात महिने ती अशी होती. चैत्रात तिने अन्न सोडले. गिळणे जवळजवळ थांबले. तेव्हा डॉक्टरांनीच सांगितले की आता मोजमाप नको, तिला जे आवडते त्याने ओठ ओले करीत राहा. भावाने स्वतः सार केले. त्याने आयुष्यात प्रथमच केले असावे. भावजय शेजारी उभी होती, पण तिने हात लावला नाही. पातळ, लाल, काचेसारखे. ते त्याने कापसाच्या बोळ्याने तिच्या ओठांस आणि जिभेच्या टोकास लावले. ती ओठ चाटी. दोन दिवस तो ते करीत होता. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

भावजयीची वही तिच्याच जवळ आहे. मध्यंतरी तिच्या धाकट्या मुलाची दाढ काढली तेव्हा तिने त्या वहीतल्या मापाने कढण केले, तर ते त्याला फार दाट वाटले आणि त्याने तोंड वाकडे केले. आमच्या वाईच्या घरात आज नऊ पाने वाढली जातात. ती वही एका माणसाची आहे. सार ती आता वहीवाचून करिते. धाकट्याची वाटी मिरचीपूर्वी निघते, आणि भावास अलीकडे पित्त होऊ लागले आहे, म्हणून त्याच्या वाट्यास नारळाचे दूध.

माळ्यावरची बरणी २०२२ च्या वैशाखात वहिनीने स्वतः भरलेली होती. आमसुले नीट ठेवली तर कित्येक वर्षे राहतात, काळी पडतात एवढेच. वर्षश्राद्धास चटणीसाठी आमसुले लागली, ती त्याच बरणीतून निघाली. गुरुजींनी चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली. दर वैशाखात गुहागरहून मामेभावाचा फोन येतो, नवी पाठवू का म्हणून. भावजय त्यास सांगते, “एवढ्यात नको भाऊजी, आईंची अजून आहेत.” मागच्या खेपेस मी शिडीवर चढून पाहिले. दादरा तिने बदललेला आहे. बरणी निम्म्याच्या खाली आली आहे.